चाकांवर पडदा, इंधनावर लगाम? घरगुती 'व्हील स्कर्ट'चे शास्त्र, हिशेब आणि मर्यादा

- विशेष प्रतिनिधी

पेट्रोलचे दर चढू लागले, की मोटारमालकाचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. सर्व्हिसिंग वेळेवर झाले आहे का, एअर फिल्टर स्वच्छ आहे का, गाडीचे ॲव्हरेज अचानक का घटले, अशा शंका त्याला सतावू लागतात. या शंका रास्तच आहेत. तथापि, मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या मोटारीची बहुतांश शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्ची पडते, याची जाणीव फार थोड्यांना असते. हा खर्च कमी करण्यासाठी अमेरिकेतील हौशी मोटारमालकांनी गेल्या काही दशकांत अनेक घरगुती उपाय योजले. त्यांपैकी सर्वांत ठळकपणे दिसणारा उपाय म्हणजे 'व्हील स्कर्ट', अर्थात चाकांवरचा पडदा. त्यामागचे शास्त्र काय, लाभ किती आणि जोखीम कोणती, याचा हा आढावा.

व्हील स्कर्ट म्हणजे काय?

मोटारीचे चाक ज्या अर्धवर्तुळाकार पोकळीत बसलेले असते, ती चाकाची कमान. ही कमान बाहेरच्या बाजूने उघडी असते. तिच्यावर बॉडीच्या पातळीत बसवलेले सपाट झाकण म्हणजे व्हील स्कर्ट. अमेरिकेत त्यास 'फेंडर स्कर्ट' म्हणतात, तर ब्रिटनमध्ये 'स्पॅट'. हे झाकण बहुधा मागच्या चाकांवरच आढळते. मागची चाके वळत नसल्याने त्यांच्यावर स्थिर झाकण बसवता येते. पुढची चाके मात्र स्टिअरिंगबरोबर वळताना कमानीच्या बाहेर येतात. त्यामुळे त्यांच्यासाठी फुगीर किंवा चाकाबरोबर सरकणारे झाकण लागते आणि हे काम घरी करण्याजोगे सोपे राहत नाही.

चाक हवेला का अडवते?

धावत्या गाडीचे चाक जमिनीला जेथे टेकते, तो बिंदू त्या क्षणी जमिनीच्या संदर्भात स्थिर असतो. याउलट चाकाचा सर्वांत वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर टायरचा माथा ताशी १८० किलोमीटर वेगाने हवेला सामोरा जातो. फिरत्या टायरने ओढलेली हवा, रिमच्या आऱ्यांनी घुसळलेली हवा आणि गाडीच्या तळाखालून आलेली हवा अशा तिन्ही प्रवाहांची कमानीच्या पोकळीत गर्दी होते व ती वेडीवाकडी बाहेर फेकली जाते. गाडीच्या कुशीवरून सरळ वाहत आलेला प्रवाह तेथे विस्कटतो. सर्वसाधारण मोटारीच्या एकूण वायुरोधापैकी जवळपास चतुर्थांश वाटा चाके आणि त्यांच्या कमानींचा असतो, असे वायुगतिकीचे तज्ज्ञ मानतात.

हा संपूर्ण चतुर्थांश पडद्याने वाचतो, असे मात्र समजू नये. पडदा कमानीची केवळ बाहेरची बाजू झाकतो. टायरचा खालचा भाग उघडाच राहतो, तळाखालची हवाही येतच राहते. मागच्या दोन चाकांवर पडदे लावल्याने वायुरोधात फार तर काही टक्क्यांची घट अपेक्षित धरता येते. ती नेमकी किती, हे गाडीच्या आकारावर, रिमच्या रचनेवर आणि झाकणाच्या सफाईवर अवलंबून असते.

कल्पना जुनीच

चाके झाकण्याची कल्पना आजची नव्हे. झेपेलिन हवाईजहाजांच्या आकारावर काम केलेले अभियंते पॉल यारे यांनी १९२० च्या दशकात प्रवाहरेखित मोटारींची संकल्पना मांडली. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीची १९३४ ची 'टाट्रा ७७' ही त्याच विचारधारेतली. जर्मनीत १९३९ मध्ये तयार झालेल्या 'श्लोरवागन' या प्रायोगिक मोटारीत चारही चाके बॉडीच्या आत घेण्यात आली. वायुरोध विलक्षण घटला खरा, पण चाकांना आत जागा देण्यासाठी गाडीची रुंदी २ मीटरच्या पुढे न्यावी लागली. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९४९ च्या 'एअरफ्लाइट' मालिकेत पुढची चाकेही झाकली. त्याची किंमत गाडीला वळण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या वर्तुळाच्या रूपाने मोजावी लागली.

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये आणलेल्या 'डीएस'ची मागची चाके अर्धी झाकलेली होती. चाक बदलताना अडचण येऊ नये म्हणून तिचा मागचा संपूर्ण फेंडर एकच बोल्ट सोडवून काढता येई. ब्रिटनच्या 'जॅग्वार एक्सके १२०' या मोटारीला मागच्या चाकांवर स्पॅट मिळत. मात्र तारांच्या आऱ्यांची चाके घेणाऱ्या ग्राहकाला ते बसवता येत नसत, कारण त्या चाकांचा मधला हब बाहेर आलेला असे. या जुन्या उदाहरणांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. झाकणामुळे रुंदीचा प्रश्न येतो, वळणाचा येतो आणि चाक काढण्याचाही येतो. घरगुती स्कर्ट बनवणाऱ्याला आजही याच तीन प्रश्नांशी झगडावे लागते.

पुढे रुंद टायर, ब्रेकला हवा लागण्याची गरज आणि बदललेली आवड यांमुळे पडदे मागे पडले. इंधनाची चिंता वाढल्यावर ते परतले. जनरल मोटर्सच्या 'ईव्ही १' या विजेवरील मोटारीचा (१९९६ ते १९९९) वायुरोध गुणांक अवघा ०.१९ होता आणि तिची मागची चाके झाकलेली होती. होंडाची पहिली 'इनसाइट' (१९९९ ते २००६) ही हायब्रीड मोटार मागच्या चाकांवरील पडद्यांमुळेच दुरूनही ओळखू येई. तिचा गुणांक ०.२५ होता. फोक्सवॅगनने मोजक्या संख्येने बनवलेली 'एक्सएल १' आणि नेदरलँड्समधील कंपनीने २०२२ मध्ये साकारलेली 'लाइटइयर ०' ही सौरमोटार, या दोन्ही गाड्यांतही मागची चाके झाकलेलीच होती.

अमेरिकेतील छंद

कारखान्याने न दिलेला पडदा घरीच बनवण्याची हौस मुख्यतः अमेरिकेत रुजली. तेथे दूरचे प्रवास मोटारीनेच होतात आणि महामार्गावरील वेगही मोठे असतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे महामार्गावर ताशी ५५ मैलांची देशव्यापी वेगमर्यादा लागू झाली, ती १९९५ मध्ये उठवली गेली. जून २००८ मध्ये पेट्रोल गॅलनमागे ४ डॉलरच्या वर गेले, तेव्हा इंधन वाचवण्याच्या कसबाला पुन्हा बहर आला. कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या या प्रकाराला 'हायपरमायलिंग' म्हणतात आणि ऑक्सफर्डच्या अमेरिकी शब्दकोशाने २००८ चा शब्द म्हणून याच शब्दाची निवड केली होती.

या छंदाचे टोकाचे उदाहरण म्हणजे 'ॲरोसिव्हिक'. १९९२ सालच्या साध्या होंडा सिव्हिकवर तिच्या मालकाने चारही चाकांचे पडदे, सपाट तळ आणि मागे निमुळती होत गेलेली लांब शेपटी घरच्या घरी बसवली. तिच्या इंधनबचतीचे श्रेय मात्र एकट्या पडद्यांना देता येत नाही. वायुरोध घटवण्यात मागची निमुळती शेपटी आणि सपाट तळ यांचा वाटा अधिक मोठा असतो.

मालवाहतुकीत अशाच पडद्यांना सरकारी मान्यताही मिळाली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये 'स्मार्टवे' उपक्रम सुरू केला. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या पुढे लावायच्या लांब पडद्यांची त्यात चाचणी घेऊन नोंद होते. लाखो मैल धावणाऱ्या ट्रेलरला चार-पाच टक्क्यांची बचतही मोठी असते. छोट्या मोटारीचे गणित मात्र वेगळे आहे.

आकडे काय सांगतात?

एका छोट्या हॅचबॅक मोटारीचे उदाहरण घेऊ. प्रवाशांसह वजन १,००० किलो, वायुरोध गुणांक ०.३३, समोरचे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि टायरचा रोध वजनाच्या १ टक्का धरू. सपाट रस्ता, वारा नाही आणि तापमान ३० अंश सेल्सिअस. अशा स्थितीत गाडीला विरोध करणारे बल न्यूटनमध्ये पुढीलप्रमाणे येते.

ताशी ३० किमी : हवा २८, टायर ९८
ताशी ५० किमी : हवा ७८, टायर ९८
ताशी ९० किमी : हवा २५२, टायर ९८
ताशी ११० किमी : हवा ३७७, टायर ९८

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, टायरचा जवळपास तेवढाच राहतो. आता मागच्या पडद्यांनी वायुरोध ३ टक्क्यांनी घटला असे मानू. ताशी ९० किमी वेगाला साडेसात न्यूटन वाचतील, म्हणजे एकूण विरोधाच्या सुमारे २ टक्के. ताशी ५० किमी वेगाला ही बचत सव्वा टक्क्याच्या आसपास आणि ३० किमीला एका टक्क्याहूनही कमी. शहरातल्या सिग्नलवर थांबत, पुन्हा वेग घेत जाणाऱ्या गाडीत तर चाकांपर्यंत पोहोचलेल्या शक्तीचा मोठा वाटा ब्रेकच्या उष्णतेत विरतो. तेथे पडदा काहीही करू शकत नाही.

हीच बचत रुपयांत मांडू. गाडी वर्षाला १२,००० किमी धावते, निम्मे महामार्गावर आणि निम्मे शहरात, सरासरी १८ किमी प्रतिलिटर. वार्षिक पेट्रोल साधारण ६६७ लिटर होईल. वरच्या प्रमाणाने बचत १० लिटरच्या आतबाहेर येते. इंजिनाचे अंतर्गत घर्षण पडद्याने घटत नसल्याने प्रत्यक्षात ती आणखी कमी भरेल. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरल्यास वर्षाकाठी हजार रुपयेही सुटणार नाहीत. वर्षाला ४० हजार किलोमीटर महामार्गावर धावणाऱ्याची बचत ४० लिटरपर्यंत जाऊ शकते, त्याच्यासाठी हा विचार काहीसा अर्थपूर्ण ठरतो.

याच तक्त्यातून दुसरी गोष्टही लक्षात येते. ताशी ११० किमीऐवजी ९० किमी वेगाने गेल्यास एकूण विरोध ४७५ वरून ३५० न्यूटनवर येतो, म्हणजे २६ टक्क्यांनी घटतो. त्यासाठी एक पैशाचाही खर्च नाही. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था (पीसीआरए) वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किमी वेगाची शिफारस करते, त्यामागे हेच गणित आहे.

घरी कसे बनवतात?

अमेरिकेतील हौशी मंडळी फलकांसाठी वापरले जाणारे पन्हळी प्लास्टिक, पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा पॉलिकार्बोनेटची शीट वापरतात. पन्हळी प्लास्टिक स्वस्त आणि हलके असते, पण उन्हाने कालांतराने ठिसूळ होते. ॲल्युमिनियम टिकते, पण त्याची कड धारदार असते. कामाचा क्रम साधारण असा असतो.

१. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून तो कमानीवर बेतला जातो. खालची कड चाकाच्या मध्याच्या जरा खाली ठेवतात. त्याहून खाली नेल्यास ती गतिरोधकाला किंवा फुटपाथला घासते.

२. टायर बॉडीच्या पातळीबाहेर येतो का, हे सरळपट्टी लावून पाहिले जाते. येत असल्यास सपाट झाकण चालत नाही, त्याला फुगवटा द्यावा लागतो.

३. सस्पेन्शनची हालचाल तपासणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी. मागच्या आसनावर तीन माणसे व डिकीत सामान ठेवून एकदा, आणि गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळत असताना एकदा, अशा दोन्ही स्थितींत टायर व झाकण यांत मोकळी जागा राहिली पाहिजे.

४. झाकण कमानीच्या आतील कडेला पट्टीच्या आधाराने स्क्रू किंवा क्लिपांनी बसवले जाते. केवळ चिकटपट्टीवर किंवा चुंबकावर विसंबणे धोक्याचे आहे. पुढची कड बॉडीला चपखल बसली पाहिजे, अन्यथा तिच्यात हवा शिरून झाकण उचकटते.

५. कडांना रबरी बीडिंग लावतात. टायरमध्ये हवा भरण्यासाठी आणि चाक बदलण्यासाठी झाकण साध्या हत्याराने, रस्त्याच्या कडेलाही काढता आले पाहिजे.

६. प्रथम कमी वेगाने थोडे अंतर जाऊन घासल्याच्या खुणा पाहाव्यात, स्क्रू पुन्हा आवळावेत आणि मगच वेग वाढवावा.

याहून सोपा पर्याय म्हणजे रिमवर बसणारी सपाट तबकडी. अमेरिकेच्या बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर विक्रमासाठी धावणाऱ्या मोटारी अशा ॲल्युमिनियमच्या तबकड्या पूर्वीपासून वापरत आल्या आहेत. टेस्लाच्या 'मॉडेल ३'सारख्या विजेवरील मोटारींत कारखान्यातूनच येणारी सपाट चाकझाकणे याच तत्त्वावर आहेत.

फरक पडला, हे कसे ठरवायचे?

पडदे लावल्यावर 'ॲव्हरेज वाढले' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू प्रामाणिक असला, तरी दोन टक्क्यांचा फरक टाकी भरून मोजणे जवळपास अशक्य आहे. ४० लिटरच्या टाकीत दोन टक्के म्हणजे ८०० मिलिलिटर. पंपाचे पिस्तूल एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे बंद झाले, की एवढा फरक सहज पडतो.

तापमानाचेही तसेच. हवा १५ अंशांवर असते त्यापेक्षा ३५ अंशांवर सुमारे साडेसहा टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे थंडीत पडद्याविना आणि उन्हाळ्यात पडद्यासह मोजणी केल्यास, पडद्याचे नसलेले श्रेय त्याला मिळते. ताशी ८० किमी वेगाने जाताना समोरून केवळ ५ किमी वेगाचा वारा असला, तरी हवेचा विरोध १३ टक्क्यांनी वाढतो.

तंत्रज्ञ यासाठी 'कोस्ट-डाउन' चाचणी वापरतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७० च्या दशकात एका व्हॅनवर केलेल्या वायुरोधाच्या प्रयोगांतही हीच पद्धत होती. गाडी ठरावीक वेगाला नेऊन न्यूट्रल करायची आणि वेग उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. आपल्या उदाहरणातील मोटारीला ताशी ९० वरून ७० किमीवर यायला सुमारे १९ सेकंद लागतील. पडद्यांमुळे त्यात जेमतेम ०.४ सेकंदांची भर पडेल. रस्त्याला हजार मीटरमागे एक मीटर एवढा डोळ्यांना न दिसणारा चढ असला, तरी त्याचा परिणाम पडद्याच्या परिणामाहून मोठा असतो. म्हणून मोजणी दोन्ही दिशांना, अनेकवार आणि 'पडद्याविना, पडद्यासह, पुन्हा पडद्याविना' या क्रमाने करावी लागते. ती बंदिस्त मार्गावरच करावी. वाहत्या महामार्गावर हा खेळ करू नये. इंजिन तर बंद करूच नये, कारण त्याबरोबर ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्यही जाते.

धोके कोणते?

पहिला धोका झाकण सुटून उडण्याचा. ताशी १०० किमी वेगाने सुटलेला पत्रा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो. दुसरा धोका कडांचा. गर्दीत पादचारी किंवा सायकलस्वार घासून जातो, तेव्हा उघडा पत्रा सुरीसारखा लागतो. तिसरा, झाकलेला टायर नजरेआड जातो. हवा कमी झालेली किंवा टायरची बाजू फुगलेली वेळीच दिसत नाही. चौथा, ब्रेकचा. ब्रेकचा अधिक भार पुढच्या चाकांवर असल्याने मागचे पडदे तुलनेने कमी घातक असतात, परंतु लांब घाटउतारावर मागच्या ब्रेकलाही मोकळी हवा हवी असते. पुढची चाके झाकणे तर सर्वथा टाळावे. आपल्याकडील पावसाळ्यात पाचव्या धोक्याची भर पडते. कमानीत साचलेला चिखल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो वाळून टायरला घासू लागतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींवरील बुल बारविरुद्ध कारवाईचे निर्देश राज्यांना दिले, तेव्हाही पादचाऱ्यांची सुरक्षितता हाच मुद्दा होता. त्यामुळे हौस म्हणूनही पडदे बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे श्रेयस्कर. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा वादात सापडला, तर वाचलेले हजार रुपये फारच महाग पडतील.

तात्पर्य

व्हील स्कर्ट हे थोतांड नव्हे. त्यामागचे शास्त्र खरे आहे आणि नामांकित कंपन्यांनी ते वातविवरात पारखून वापरले आहे. परंतु त्या कंपन्यांनी संपूर्ण गाडीच त्या हेतूने घडवली होती. तयार गाडीवर नंतर चढवलेला पडदा त्या लाभाचा एक लहानसा अंशच देतो, तोही मोठ्या वेगाला. टायरमधील हवा दर पंधरवड्याला तपासणे, रिकामे रूफ कॅरिअर काढून ठेवणे, डिकीतले अनावश्यक ओझे उतरवणे आणि वेग आवरणे, हे उपाय आधी करून पाहावेत. ते करूनही ज्याला प्रयोगाची हौस उरेल, त्याने पडदे जरूर अभ्यासावेत. मात्र ते रस्त्यावर आणण्यापूर्वी आपल्या मागून कोणीतरी दुचाकीवर येत आहे, याचे भान सुटू देऊ नये.